दोन्हीकडचं असणाऱ्यांसाठी

१९ एप्रिल २०२४ रोजी चंद्रपूर लोकसभेचं मतदान झालं, १३ मे रोजी आदिलाबादचं. जिवतीच्या पहाडावर परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर, भोलापठार, लेंडीगुडा अशी गावं आहेत, जिथं कितीतरी बोटांना या दोन्ही दिवशी शाई लागली. गावं चौदा, पण सरपंच दोन-दोन, शाळा मराठी आणि तेलुगू, ‘कंट्रोल’ची दुकानंही दोन्ही सरकारांची. २०२२ च्या डिसेंबरात महाराजगुड्यातलं एक घर देशभर गाजलं. त्याचं स्वयंपाकघर तेलंगणात, दिवाणखाना महाराष्ट्रात आणि घरपट्टी दोन्ही ग्रामपंचायतींना. वर्तमानपत्रं अशी बातमी गंमत म्हणून छापतात. त्या घरातल्या माणसांना मात्र कधीतरी ठरवावं लागतं की मुलाचा जातीचा दाखला कुठून काढायचा, शेताचा कागद कोणाचा खरा धरायचा, आणि एका सरकारने उद्या विचारलंच, ‘तू कोणाचा?’, तर काय सांगायचं.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. गोदावरी-प्राणहितेच्या काठावरच्या सिरोंच्याच्या वाचकांनाही तो लागू पडेल. तिथं घरात तेलुगू आणि शाळेत मराठी चालते, मुलगी पलीकडे महादेवपूरला दिलेली असते, आणि त्याच पलीकडच्या राज्याच्या धरणाने इकडचं शेत पाण्याखाली जातं.

आधी मनावरचं एक ओझं उतरवून ठेवू. भारतात राज्याचं नागरिकत्व नसतं. नागरिकत्व एकच, देशाचं. त्यामुळे तेलंगणाचं रेशन घेणारा महाराष्ट्राशी बेइमान होतो, किंवा महाराष्ट्राला मत देणारा तेलंगणाचं मीठ विसरतो, असल्या बोलण्याला कायद्यात जागा नाही. देशाच्या सीमेवर गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत किंवा इंग्लंडात स्थायिक झालेल्या मराठी माणसाने तिकडचं नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने त्याचं भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. ओसीआय कार्ड मिळालं तरी मत देता येत नाही. तिथं एक निवडावंच लागतं. पहाडावर तशी निवड तुमच्यावर कोणी एका दिवसात लादत नाही, आणि खरा धोका तिथंच आहे. कुणी विचारत नाही म्हणून दोन्हीकडचे कागद साचत जातात. मग एखाद दिवशी मुलगी बारावी पास होते किंवा मोठा भाऊ वारतो, तेव्हा हे कागद एकमेकांना खोटं पाडू लागतात.

हा गुंता तुमच्या पिढीने केलेला नाही. राजुरा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्याचा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला, आधी नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ मध्ये चांद्याला जोडला गेला. जिवती तालुका पुढे राजुऱ्यातूनच निघाला. नकाशावरची रेघ पहाडावर नीट उतरलीच नाही. गोंड, कोलाम, परधान इथले मूळचे. साठ-सत्तरच्या दशकांत, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर तर जास्तच, मराठवाड्यातून बंजारा, मातंग, बौद्ध आणि इतर कुटुंबं जमीन शोधत वर चढली. आंध्रने गावांवर दावा सांगितला, तिकडची पंचायत बसली, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९७ मध्ये गावं महाराष्ट्राची ठरली. तरी तिकडच्या योजना थांबल्या नाहीत. २०२५ च्या जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारने ही चौदा गावं पूर्णपणे महाराष्ट्रात घेण्याची प्रक्रिया सुरू करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे विचार करायला आजवर होता तेवढा वेळ आता नसेल.

माझं म्हणणं एकच आहे. लोक हिशेब उलटा करतात. आधी पेन्शन कुठं जास्त ते बघतात, मग रेशन, मग मत, आणि जमीन व जात यांचा विचार सगळ्यात शेवटी, काम अडलं की. खरं तर जो कागद सगळ्यात जास्त वर्षं टिकणार, त्याच्यापासून सुरुवात करायची. जातीचा दाखला नातवंडांपर्यंत जातो. जमिनीचा पट्टाही. शाळेचा दाखला मुलाच्या अख्ख्या नोकरीला पुरतो. पेन्शन म्हाताऱ्या माणसाबरोबर संपतं आणि योजना सरकारबरोबर बदलते.

जातीचं जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथंच होतं. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार असतात. एका राज्यातली जमात दुसऱ्या राज्यात जमात असेलच असं नाही, आणि माणूस स्थलांतर करताना आपला दर्जा सोबत नेऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच स्पष्ट केलं आहे. गोंड आणि कोलाम यांना याची झळ नाही, ते दोन्ही राज्यांच्या यादीत आहेत. कोलाम तर दोन्हीकडे विशेष असुरक्षित आदिम गटात मोडतात. अडचण तांड्यावर येते. बंजारा म्हणजे तिकडचे लंबाडा. तेलंगणात ते १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने अनुसूचित जमातीत आले. महाराष्ट्रात ते विमुक्त जाती (अ) मध्ये आहेत, राज्याचं ३ टक्के आरक्षण आहे आणि केंद्राच्या यादीत ओबीसी. भाऊ तोच, तांडा तोच, पण घराच्या एका दारातून आदिवासी आणि दुसऱ्यातून विमुक्त. तेलंगणाचा दाखला साहजिकच मोहात पाडतो.

मोहात पडण्याआधी एक प्रश्न विचारा. ती जमात तिकडच्या यादीत आली तेव्हा आपले आजोबा कोणत्या राज्याचे कायम रहिवासी होते? कुटुंब नांदेड-परभणीकडून पहाडावर आलेलं असेल आणि कागदोपत्री मूळ गाव मराठवाड्यात असेल, तर तिकडचा जमातीचा दाखला पडताळणीत टिकेलच असं नाही. दाखला मिळणं आणि टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं आहे की खोट्या ठरलेल्या दाखल्यावर मिळालेली नोकरी किंवा प्रवेश, कितीही वर्षं झालेली असली तरी, काढून घेतला जातो. चाळिशीत, घरात दोन मुलं शिकत असताना ते घडू देऊ नका. शिवाय तिकडेही लंबाडांना यादीत ठेवायचं की नाही यावरून आदिलाबाद भागात गोंड आणि लंबाडा यांच्यात २०१७ पासून चांगलाच ताण आहे. इकडे २०२५ मध्ये बंजारा समाजाने हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे अनुसूचित जमातीची मागणी जोरात लावली. मागणी रास्त असेल-नसेल. पण मोर्च्यात जाऊन आलात म्हणून आज हातात असलेला विमुक्त जातीचा दाखला फेकू नका.

महाराष्ट्रात दाखला काढायचा तर पुरावा ठरावीक तारखेच्या आधीचा लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त आणि भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आता बघा, तुमचं कुटुंब पहाडावर आलं त्याच्यानंतर. म्हणजे तुमचा सगळ्यात मोलाचा कागद जिवतीत नाहीच. तो कंधारला, जिंतूरला किंवा किनवटला एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या कपाटात, आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या नावाच्या प्रवेश-निर्गम नोंदीत आहे. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत, जुन्या खासरा पत्रकात. निजामी मुलखातली ही दप्तरं बऱ्याचदा उर्दूत असतात, कधी मोडीत. जाणकाराकडून भाषांतर करून घ्या आणि मूळ पानाची साक्षांकित प्रतही घ्या. नुसतं भाषांतर जात पडताळणी समिती मानत नाही. पावसाळ्याआधी एकदा जाऊन या. त्या शाळा पडताहेत, दप्तरांना वाळवी लागते. आडनाव मूळ गावी राठोड आणि इकडे पवार झालं असेल, तर वंशावळीचं प्रतिज्ञापत्र त्याच फेरीत तयार करा. तांड्यांमध्ये असं पुष्कळदा झालेलं असतं. दाखला उपविभागीय कार्यालयातून निघाला की पडताळणीचा अर्ज मुलं अकरावीत असतानाच लावा. बारावीच्या निकालानंतर रांग लांब होते.

शाळेचा मुद्दा जातीला लागूनच आहे, पण लोक तो सोयीने ठरवतात. तेलुगू शाळा जवळ आहे, मास्तर रोज येतात, म्हणून तिकडे. कारण वाईट नाही. फक्त पुढचं माहीत असावं. महाराष्ट्रात वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. तेलंगणात वैद्यकीय प्रवेशासाठी नववी ते बारावी ही सलग चार वर्षं तिथं शिकल्याची अट आहे, आणि सरकारी नोकरीत ‘स्थानिक’ ठरवताना पहिली ते सातवीची वर्षं मोजतात. सातवीपर्यंत मराठी, मग तीन वर्षं केरामेरीला तेलुगू, मग परत अकरावीला गडचांदूर, असा हेलपाटा घातलेलं पोर दोन्हीकडे परकं ठरतं. दोन भाषा शिकवा, त्यात फायदाच आहे. पण आठवीनंतर राज्य बदलू नका.

जमिनीबाबत स्पष्ट बोलतो. पहाडावरची बरीचशी वहिती वनजमिनीवरची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. बिगर-आदिवासींना त्यासोबत तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्यही. सत्तरच्या दशकात आलेल्यांना ही अट पार करणं अशक्यच. तेलंगणाने २०२३ मध्ये ‘पोडू’ जमिनींचे पट्टे मोठ्या प्रमाणात वाटले, तिकडे लंबाडा आदिवासी असल्याने त्यांना ७५ वर्षांची अट नव्हती. त्यामुळे तिकडच्या पट्ट्याकडे डोळे लागणं समजू शकतं. पण जमीन माणसासारखी चालत जात नाही. १९९७ च्या निकालाप्रमाणे ती महाराष्ट्राच्या हद्दीत असेल, तर दुसऱ्या राज्याच्या पट्ट्यावर बँक पीककर्ज देईल का, भूसंपादनाचा मोबदला त्यावर मिळेल का, भावाभावांच्या दाव्यात न्यायाधीश तो पुढे ठेवू देतील का? मी तरी त्यावर भरवसा ठेवणार नाही. तिकडचा कागद असेल तर जपून ठेवा, ताब्याचा पुरावा म्हणून त्याचा उपयोग होऊ शकतो. दावा मात्र इकडच्या ग्रामसभेकडे लावा. वनखात्याच्या जुन्या दंडाच्या पावत्या, अतिक्रमणाच्या नोंदी, वडिलांवर झालेली केस हे लोक लाजून लपवतात. वनहक्काच्या दाव्यात तोच सगळ्यात चांगला पुरावा असतो.

पैशाच्या योजनांवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. तिकडे वृद्धांना महिन्याला २,०१६ रुपये, इकडे १,५००. तिकडे रयतु भरोसा एकरी वर्षाला १२,०००, इकडे पीएम-किसान आणि नमो शेतकरी मिळून कुटुंबाला १२,०००. इकडे लाडकी बहीण आहे, तिकडे लग्नाला कल्याण लक्ष्मी. फरक खरा आहे आणि गरीब घराला तो जाणवतो. पण दोन्हीकडून घेणं आता जमणारही नाही, कारण सगळीकडे आधार एकच जोडलेलं असतं. म्हाताऱ्या आईचं पेन्शन तिकडे सुरू असेल तर तिच्या हयातीत तिचं तिला राहू द्या. इकडचं मात्र तिच्या नावाने मागू नका, आणि तिच्या पेन्शनवरून अख्ख्या घराचं राज्य ठरवू नका. रेशनचं सोपं आहे. ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे एकाच कार्डावर कोणत्याही राज्यात केंद्राच्या वाट्याचं धान्य उचलता येतं. दुसरं कार्ड स्वतःहून जमा करा आणि पोच घ्या. उद्या वसुलीची नोटीस आली तर ती पोचच कामाला येईल.

आता मत. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १७ व्या कलमाने एका माणसाचं नाव दोन मतदारसंघांत असू शकत नाही. नाव दुसरीकडे नाही असं खोटं लिहून दिलं तर ३१ व्या कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १९५१ च्या कायद्याचं ६२ वं कलम आणखी कडक आहे. दोन ठिकाणी मत दिलं तर दोन्ही मतं बाद. म्हणजे दोन्ही उमेदवारांना खूश करणारा कायद्याच्या दृष्टीने कोणालाच मत देत नाही. दुरुस्ती करताना क्रम चुकवू नका. जिथलं नाव ठेवायचं तिथल्या यादीत ते शाबूत आहे याची बीएलओकडून खात्री करा, आणि मगच दुसरीकडे नमुना ७ भरून वगळायला सांगा. घाईत उलटं केलं तर दोन्हीकडून बाद होण्याची वेळ येते. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, त्यामुळे घरात कोणाला सरपंचकीला उभं राहायचं असेल तर त्याने हे सगळ्यात आधी करावं.

कुटुंबात एकमत झालं नाही तर? थोरला इकडे, धाकटा तिकडे, असं घडू शकतं आणि त्यात काही गैर नाही, खरोखर वेगळं बिऱ्हाड असेल तर. नुसतं कागदावर वाटून घेतलेलं घर मात्र पुढे वारसाहक्काच्या वेळी भांडण लावतं. बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेवर बार्ले नावाचं गाव आहे, तिथं रेघ घरांच्या आतून जाते. त्यांनी नियम केला की पुढचं दार ज्या देशात, घर त्या देशाचं. आपल्याकडे असा नियम नाही, म्हणून तो घरातच ठरवावा. सगळे भाऊ, बहिणी, आई एकत्र बसा, जात-जमीन-शाळा यांचं राज्य एक ठरवा आणि ते लिहून ठेवा. जावयांना बोलवायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. नाती, जत्रा, बाजारहाट, भाषा यांच्यावर कोणत्याही सरकारचा शिक्का लागत नाही, ती दोन्हीकडची राहू द्या. २०१५ मध्ये भारत-बांगलादेशाने एकमेकांच्या मुलखातले भूखंड अदलाबदल केले, तेव्हा १११ आणि ५१ वस्त्यांमधल्या माणसांना देश निवडायला सांगितला गेला. बहुतेकांनी आपलं शेत जिथं होतं तोच देश निवडला.

सिरोंच्याकडे प्रश्न कागदाचा कमी आणि मनाचा जास्त आहे. मेडीगड्डा बंधारा तेलंगणाने बांधला, २१ जून २०१९ रोजी त्याचं उद्घाटन झालं. पाणी उपशाने तिकडच्या शेतीला, आणि फुगवटा आरडा, पेंटिपाकाकडच्या काठाला. २०२२ च्या जुलैच्या पुरात सिरोंचा तालुक्याचं जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. मोबदल्यासाठी लोक उपोषणाला बसले तेव्हा काही घरांनी मागे राहणं पत्करलं, कारण व्याही पलीकडचे, आणि तिकडे त्याच धरणाच्या पाण्यावर भात लागलेला. व्याह्याला सांगायला हरकत नाही की तुमच्या भाताशी आमचं वैर नाही. करार दोन सरकारांनी २०१६ मध्ये मुंबईत केला, १०० मीटर पातळी त्यांनी ठरवली, आपल्या सातबाऱ्याचा हिशेब आपण त्यांच्याकडे मागतो आहोत. लग्नाच्या पंगतीत हा विषय काढू नका आणि तहसीलमध्ये तो सोडू नका.

पूरनुकसानीची मदत वेगळी आणि जमिनीचा मोबदला वेगळा. पहिली घेतली म्हणून दुसऱ्यावरचा हक्क जात नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात निवाड्याची रक्कम कमी वाटली तर ती ‘हरकत राखून’ घेत असल्याचं पावतीवर लिहावं लागतं. न लिहिता घेतली तर ७७ व्या कलमाप्रमाणे वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर अर्जाची मुदत फक्त सहा आठवडे. सरकारने थेट खरेदी केली आणि तुम्ही संमतीने खरेदीखत करून दिलं, तर ही वाट बहुधा बंदच होते, म्हणून सही करण्याआधी गडचिरोली किंवा अहेरीच्या वकिलाला खरेदीखताचा मसुदा दाखवा. मेडीगड्ड्याचे खांब २०२३ च्या ऑक्टोबरात खचल्यापासून तेलंगणाने प्राणहितेवरच्या तुम्मिडीहेट्टीची जुनी योजना पुन्हा बाहेर काढली आहे, म्हणजे उद्या हाच प्रश्न नदीच्या वरच्या अंगाला, चामोर्शी-गोंडपिपरीच्या बाजूला उभा राहू शकतो. तिथल्या काठावरच्या कास्तकारांनी या हंगामापासून ई-पीक पाहणी चुकवू नये, विहीर, बोअर, झाडं सातबाऱ्यावर चढवून घ्यावीत, आणि वारसांची नोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे आत्ताच फेरफार लावावा.